मागे घेतलेली प्रार्थना

मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार सोशिक बाई आहे असं समजून कुणी पुढं वाचायला नको. आजारी माणसांच्या लिखाणात शांती, धीर, आभार असं पुष्कळ असतं, आणि ते खोटं असतं असंही नाही. पण डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या बाईला दिवसातून जितक्या वेळा देव आठवतो, त्याहून जास्त वेळा दुसऱ्याचं नशीब आठवतं. निदान मला तरी. मी ख्रिस्ती घरात जन्मले, चर्चमध्ये वाढले, शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये हे लहानपणीच पाठ केलं. त्या आज्ञेत शेजाऱ्याचं घर आहे, बैल आहे, गाढवही आहे. किडनीचा उल्लेख नाही, पण तो धरूनच चालायचं.

मी करुणा. जिंतूरला एका शाळेत मराठी शिकवते. नवरा प्रकाश एसटीत कंडक्टर आहे, मुलगी रिबेका सहावीत. आमच्या मागच्या गल्लीत माझी आई राहते आणि तिच्याजवळ माझी धाकटी बहीण सलोमी, आमची सलू. सलू बालवाडीत शिकवते, चर्चमध्ये हार्मोनियम वाजवते आणि गाते. गळा तिला मिळाला, मला शुद्धलेखन मिळालं. हे वाटप मला कधीच पटलेलं नाही.

कळलं तो दिवस

पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, वर्गात उभं राहून होत असेल. मग सकाळी तोंड सुजू लागलं, जेवणाची शिसारी यायला लागली. प्रकाशची ड्यूटी होती म्हणून सलू माझ्यासोबत परभणीला आली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि माझ्याऐवजी तिच्याकडे बघून विचारलं, "या तुमच्या कोण?" पुढचं सगळं ते तिलाच सांगत राहिले. दोन्ही किडन्या आक्रसून गेल्यात, आता मशीन लागणार, पुढं जमलं तर बदलावी लागेल. मी तिथंच बसले होते. आजारी मी आणि बातमी तिला, याचाही मला त्या खोलीत राग आला होता, हसू नका.

बाहेर आल्यावर सलू रडली, मी रडले नाही. स्टँडसमोरच्या रसवंतीवर तिनं दोन ग्लास उसाचा रस घेतला. मला मळमळत होतं. मी अर्धा प्यायले आणि उरलेला तिला दिला. पाण्याचं माप कडक लागायच्या आधीचा तो शेवटचा रस. तो अर्धा ग्लास मला आजही आठवतो.

पाणी

ज्यांना नवीन सुरुवात झाली आहे त्यांना सांगते, सुईचं काही वाटत नाही. सुईची सवय होते. पाण्याची होत नाही. लघवी होत नाही म्हणून प्यायलेलं सगळं अंगात राहतं, म्हणून पाणी मोजून. परभणीचा उन्हाळा, आणि मी वाटीत बर्फाचा खडा घेऊन बसलेली. रिबेका शाळेतून येऊन माठातून तांब्या भरायची आणि उभ्यानं घटाघटा प्यायची. स्वतःच्या पोटच्या पोरीच्या गळ्याकडे मी टक लावून बघायचे. एकदा तिनं ते पाहिलं. तेव्हापासून ती स्वयंपाकघराचं दार लोटून पाणी पिते, आणि त्या लोटलेल्या दाराचा मला जास्त त्रास होतो.

परभणीच्या डायलिसिस हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बालाजीराव असतात. देवगाव फाट्याजवळच्या गावातले शेतकरी. त्यांना अजून थोडी लघवी होते, आणि ते दर वेळी सांगतात. "आज बरी झाली बगा," असं म्हणून ते असे बसतात, जणू पोरगं कलेक्टर झालं. बाकी आम्ही सगळे आपापल्या नळ्यांकडे बघतो. माणूस कशाकशाचा हेवा करू शकतो हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

लहान लहान दयाही तिथंच मिळाल्या. एक सिस्टर सुई लावताना रिबेकाबद्दल काहीतरी विचारते, म्हणजे माझं लक्ष तिकडं जातं. बालाजीराव घरून दशमी आणतात आणि मला मिठाविना केलेली वेगळी देतात. मी त्यांच्यावर जळते आणि त्यांची दशमी खाते.

प्रार्थनेची विनंती

आता मुख्य गोष्ट. ती समजायला आमच्या बायकांच्या सभेची रीत माहीत हवी. सभा संपत आली की पुढं बसलेली बाई विचारते, "विनंत्या सांगा." मग कुणी मुलाची परीक्षा सांगतं, कुणी सासऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन. एकेक विनंती एकेकीला वाटून दिली जाते आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना होते. आमच्यात बातमी अशीच फिरते. नुसती फिरत नाही, पक्कीही होते. एकदा का गोष्ट देवापुढं सगळ्यांदेखत मांडली, की ती ठरली. ज्या पोरीला स्थळ पसंत नसेल ती आईला आधी बजावून ठेवते, सभेत विनंती टाकू नको म्हणून.

प्रकाशला साखरेचा आजार, आईला साखर आणि बीपी दोन्ही, त्यामुळे दोघांची किडनी चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. घरात एवढंच बोलणं झालं होतं. त्यानंतरच्या सभेत आई उभी राहिली आणि म्हणाली, "माजी धाकटी लेक थोरलीला किडनी द्यायलीय. तिला देवानं बळ द्यावं, एवढीच विनंती."

सलू हार्मोनियमवर होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं पट्ट्यांवर होती आणि भाता हलत नव्हता. मार्थामावशी आमच्या मंडळीत सगळ्यांत लांब प्रार्थना करतात. त्यांनी सुरुवात केली, "प्रभू, तूच ही इच्छा या लेकराच्या मनात घातलीस." इच्छा तर आत्ताच, आमच्यासमोर घातली जात होती. पण सगळ्या बायका रडत होत्या आणि शेवटी सगळ्या आमेन म्हणाल्या. सलूचे ओठही हलले. माझा आमेन सगळ्यांत मोठा होता.

कौतुक

मग सलूचं कौतुक सुरू झालं. कुणी तिच्यासाठी डिंकाचे लाडू, कुणी गावरान तूप. पाळकसाहेबांनी उपदेशात स्वखुशीच्या दानाबद्दल सांगितलं आणि सगळ्या माना हार्मोनियमकडे वळल्या. मी तिसऱ्या बाकावर सुजलेले पाय घेऊन बसले होते. माझ्याशी बोलताना लोक म्हणत, "नशीबवान हायस बाई, आशी बहीण कुणाला भेटत न्हाई." लहानपणापासून हेच ऐकत आलेय, फक्त आधी कारण तिचा गळा होता.

खरं सांगू? घेणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही. देणाऱ्यापुढं दोन वाटा असतात, म्हणून त्याचं देणं मोठं ठरतं. माझ्यापुढं कुठल्या वाटा होत्या? हो म्हणाले तर नशीबवान, नाही म्हणाले तर वेडी. रात्रंदिवस मला हेच खुपायचं, की सगळ्या घरात निवड करण्याचा मान एकट्या सलूला मिळाला. तो तिला कुणी दिलाच नव्हता, हे मला दिसत असून दिसत नव्हतं. जगायचं असलं की माणसाला सोयीचं तेवढंच दिसतं.

किडनी बदलतात त्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिची किडनी जुळली. प्रकाशनं पेढे आणले आणि मला एक चतकोर तोडून दिला.

बाकावर बसलेली सलू

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, एकेकानं उठून पुढं जायचं आणि भाकरीचा तुकडा न् द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. मनात कुणाबद्दल काही असेल तर आधी मिटवावं, नाहीतर उठू नये, अशी शिकवण आहे. त्यामुळे कोण उठलं नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि का उठलं नाही यावर आठवडाभर चर्चा चालते. त्या रविवारी सलू उठली नाही. हार्मोनियमसमोर हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी उठले. बहिणीबद्दल छातीत एवढं जळत असताना उठले आणि प्याला घेतला. याला श्रद्धा म्हणू नका. मला तहान लागली होती आणि तो घोट डॉक्टरांच्या मापात धरायचा नाही असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. सदसद्विवेकबुद्धी वगैरे मोठे शब्द मी मुलांना निबंधात लिहायला लावते. माझी ती बुद्धी त्या दिवशी बहुतेक त्या बाकावर सलूजवळच बसून राहिली असावी.

केस धुताना

डायलिसिससाठी माझ्या डाव्या हातात नस जोडलेली आहे, त्या हातानं वजन उचलायचं नाही. म्हणून सलू माझे केस धुऊन द्यायची. पुढच्या शनिवारी दुपारी मी मोरीत पाटावर बसले होते, ती मागं. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून विचारता आलं.

"सलू, उठली न्हाईस रविवारी. कुणावर राग हाय?"

"तुझ्यावर," ती म्हणाली. डोकं चोळायचं काही थांबलं नाही. "आईवर बी. मार्थामावशीवर बी. देवावर बी हाय थोडा."

"कामून?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, आक्का. आईनं सभेत सांगितलं, मावशीनं देवाला सांगितलं. आता न्हाई म्हणलं तर देवालाच न्हाई म्हणल्यासारखं हाय. तिकडं मोठ्या दवाखान्यात मला एकटीला बसवून इचारलं, सोताच्या मर्जीनं द्यायलीस का. मी हाव म्हणले. बायबलवर हात ठेवायला लावला असता तरी हाव म्हणले असते."

"मग द्यायची न्हाई का तुला?"

"मला भ्याव वाटतं."

मी तिला सांगितलं की एका किडनीवर माणूस नीट जगतो, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, "म्हाईत हाय. समदं म्हाईत हाय मला." आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. साबण डोळ्यांत गेला, त्यामुळे नेमकं कशानं झोंबतंय ते सांगता येत नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला होता. तरणीताठी पोरगी, दोन धडधाकट किडन्या, आणि म्हणे भ्याव. मला भीती वाटत नसेल? पण मला कोण विचारतंय, हेही मनात आलंच.

पुढच्या डायलिसिसला मी हे बालाजीरावांना सांगितलं. ते हसले. "तुमच्यात प्रार्थना, आमच्यात नवस. मायनं माझ्या नावानं नवस बोलला अन् चालत मी गेलो. मायला कोण न्हाई म्हणतंय?" बालाजीरावांचे पाय दुखले असतील, पण माणूस अख्खाच्या अख्खा परत आला होता. सलूचं तसं नव्हतं.

पाळकसाहेब

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि विचारलं, "मंडळीनं केलेली प्रार्थना मागं घेता येती का?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "हे मला आजवर कुणी इचारलं न्हाई." मी केस धुतानाचं सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "देवानं एदेन बागेच्या मधोमध ते मना केलेलं झाड लावलं, सांगायचं ते सांगितलं आन् बाजूला झाला. पहारा ठेवला न्हाई. करूब, म्हंजे पहाऱ्याचे देवदूत, उभे केले ते नंतर, माणसाला बाहेर काढल्यावर. आपला धीर तेवढा नसतो. आपण आधीच चारी बाजूंनी माणसं बसवतो आन् मग म्हणतो, बघा, पोरीनं किती खुशीनं दिलं." स्वखुशीच्या दानावर त्यांनीच उपदेश केला होता. तो आठवला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली.

निघताना त्यांनी विचारलं, "करुणाताई, तुमी हे सलूसाठी करायल्या का सोतासाठी?"

"सलूसाठी," मी लगेच म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या आठवड्यात सभेत विनंत्या सुरू झाल्या तेव्हा मी उभी राहिले. मी म्हणाले, "सलूनं किडनी द्यावी म्हणून आपण प्रार्थना केली. ती तिला न विचारता केली. माझ्यासाठी केलेली प्रार्थना आहे, मी ती मागं घेते. सलूनं देऊ केली तरी मी घेणार नाही. तिला मोकळं करा." मार्थामावशी म्हणाल्या, "आगं पर वर पोचली ना ती." मी म्हणाले, वर ज्याला पोचली त्याला कळतं. सलूनं हार्मोनियमचं झाकण लावलं आणि उठून बाहेर गेली.

आई माझ्याशी बोलायची थांबली. प्रकाश बोलला, पण तेवढ्यापुरतं. रिबेकाच्या तोंडाकडे बघून तो एकदा म्हणाला, "पोरीचा इचार केलास का?" केला होता. तिची दहावी बघायला मी असेन का, हा विचार मी दर वेळी डायलिसिसआधी वजनाच्या काट्यावर उभी राहिले की करते.

वाट बघणं

आणि आता जे सांगायचं ते. मी सलूला मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची वाट बघायला लागले. आता ती स्वतःहून येईल. आता तिच्यावर कुणाचं ओझं नाही, म्हणून आता ती खऱ्या मनानं येईल आणि म्हणेल, आक्का, घे. तेव्हा मी काय म्हणायचं तेही ठरलं होतं. 'नको गं' म्हणायचं, पण एकदाच. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं की हो म्हणायचं.

ती आली नाही. केस रिबेका धुऊन द्यायला लागली. रविवारी सलू गायची, तेही पूर्वीपेक्षा मोकळ्या गळ्यानं, आणि मी बाकावर बसून जळायचे. प्रभुभोजनाला ती उठायला लागली, मी बसायला लागले. बायकांनी माझ्याबद्दल काय चर्चा केली असेल याची मला कल्पना आहे.

मोठ्या दवाखान्यात माझं नाव आता प्रतीक्षेत लागलंय. म्हणजे कुणाच्या तरी घरी वाईट घडल्याशिवाय माझा फोन वाजणार नाही. त्यासाठी कसली प्रार्थना करायची ते मला अजून सुचलेलं नाही. ज्यांच्या घरी 'कोण देणार' हा प्रश्न आलाय त्यांना एवढंच सांगते, ज्याला विचारायचं त्याला एकट्याला विचारा, आणि 'नाही' ऐकायची तयारी असेल तरच विचारा. माझी तयारी नव्हती.

मागच्या महिन्यात एका दुपारी सलू परभणीला डायलिसिसच्या हॉलमध्ये आली. बालाजीराव झोपले होते. ती माझ्याजवळ स्टुलावर बसली. माझं काळीज नुसतं धडधडत होतं. मशीनवर आकडे वर गेले असतील.

"आक्का, मी लय इचार केला," ती म्हणाली. "मी देत न्हाई."

नळीतून जाणाऱ्या माझ्या रक्ताकडे मी बघत राहिले. मग विचारलं, "भ्याव वाटतं म्हणून?"

"भ्याव गेलं बी आसंल आता. कारण न्हाई काई. मला माजी पाहिजे."

मला माझी पाहिजे. आमच्या घरात असं वाक्य कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आईनं कधी म्हटलं नाही, मी तर कधीच नाही. एखादं चांगलंसं कारण तिनं द्यावं, लग्नाचं, तब्येतीचं, म्हणजे मला माफ करायला सोपं जाईल, अशी माझी फार इच्छा होती. तिनं ते दिलं नाही. तिच्या किडनीपेक्षा मला त्या वाक्याचा जास्त हेवा वाटला.

"बरं," मी म्हणाले.

"सभेत सोडलंस मला, ते खरं होतं, का मी सोताहून यावं म्हणून?"

"तू यावं म्हणून."

"वाटलंच मला. म्हणून तर इतके दिवस तुज्या घरी आले न्हाई." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आन् आता?"

आता काय, ते मलाही बघावं लागलं. छातीत जळतच होतं, ते काही कमी झालं नव्हतं. पण मी वाट बघायची थांबले होते. ती गेली तरी चालेल, असं पहिल्यांदाच वाटलं.

"आता जा," मी म्हणाले. "जिंतूरची गाडी लागली आसंल."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन बाहेर स्टँडच्या दिशेला पाहिलं. मग परत आली, पर्स खांद्यावरून काढून माझ्या पायाशी ठेवली आणि स्टूल जवळ ओढून बसली. मशीन थांबलं, सुया निघाल्या, हाताचं रक्त थांबेपर्यंत सिस्टरनं बोळा दाबून धरायला सांगितला. तो सलूनं धरला. गाडी केव्हाच निघून गेली होती. तिला कुणीही थांब म्हणालं नव्हतं.